एका पानाएवढं शहर

सेलमला पाठवायची यादी एका पानात बसवायची असते.
अक्षर बाराच्या खाली नाही, समास दोन्हीकडे इंचभर.
म्हणजे आमचं शहर तेवढंच:
चार हजार दोनशे माणसं, एक बंदर, दोन सिग्नल,
त्यातला एक फक्त उन्हाळ्यात चालणारा,
आणि पाच मागण्या. सहावी वाचत नाहीत.

मसुदा माझ्याकडे असतो.
माझे वडील बार्शीच्या कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसायचे,
लोकांचे अर्ज ठोकून द्यायचे, पानाला दोन रुपये.
म्हणायचे, ताकाला गेलीस तर भांडं लपवू नकोस,
पण तळाचं भोकही दाखवू नकोस.
इथे भोकच दाखवावं लागतं,
फोटोसकट, इंजिनिअरच्या सहीनिशी.

पहिला, पंप. तिसऱ्या रस्त्याखालचा, सत्तावन्न सालचा.
मोठी भरती आणि मोठा पाऊस एका रात्री आले
की तो घाण पाणी पुढे ढकलायचं सोडतो
आणि ज्याचं त्याला परत करतो.
यूजीन आल्टो नऊ हिवाळे उशाशी फोन ठेवून झोपलाय.
दुसरे, नळ. जमिनीखाली अजून लाकडाचे आहेत,
पिंपासारख्या पट्ट्या, तारेनं आवळलेल्या.
मी नवी होते तेव्हा वाटलं, बाई नवी म्हणून थट्टा करताहेत.
तिसरा, बंदरातला गाळ.
चौथी, शाळा. ती समुद्रापासून सहाशे पावलांवर आहे,
टेकडीवर न्यायची आहे.
पाचव्यावर सभा साडेदहापर्यंत भांडली.
धक्का की दवाखाना, हात वर, हात खाली,
शेवटी धक्का, एका मतानं.

मग मागून ऑटिली प्रुइट उठल्या, वय एक्याऐंशी.
जेटीच्या पायऱ्यांवर एक दिवा हवा, म्हणाल्या,
पहाटे खेकड्यांच्या होडीवर जाताना पोरांना पायरी दिसत नाही.
किती लागतील? कुणीतरी म्हणालं, चारेक हजार.
महापौर लोर्ना ट्वेट, जी सकाळी गळाचं आमिष विकते
आणि कुणाला सहसा नाही म्हणत नाही,
हळूच म्हणाली, ऑटिली,
इतकं लहान राज्याकडे मागता येत नाही.
इतिवृत्तात मी ते लिहिलं.
लिहिताना वाक्य दोनदा वाचलं.

सेलममध्ये आम्हाला अकरा मिनिटं मिळाली.
प्रतिनिधी भला माणूस, नाव होवाथ,
टेबलावर आमच्यासारखी तीसेक शहरं
एकावर एक, टाचण्या मारलेली.
त्यानं आमचं पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं.
म्हणाला, हे वर्ष कोरडं आहे.
एकच द्यायचं झालं तर?

लोर्नानं माझ्याकडे पाहिलं.
मी पानाकडे.
पंप, ती म्हणाली.
पंप दर हिवाळ्यात बुडवतो. त्याचे फोटो आहेत.
ती लाट शेवटची आली ती तीनशे वर्षांपूर्वी,
पुढची उद्या येईल किंवा आमच्या पणतवंडांच्या पणतवंडांना,
तिचा फोटो नाही, बिल नाही,
रात्री दोनला येणारा फोन नाही.
होवाथनं पंपाभोवती गोल काढला, पेन्सिलनं.

परतताना डोंगरात धुकं होतं.
पेट्रोलपंपावर कॉफी घेताना लोर्ना म्हणाली,
शाळा म्हणायला हवं होतं का गं?
मी म्हटलं, माहीत नाही.
तिचा नातू तिसरीत आहे, हे मला माहीत होतं.
पुढचे चाळीस मैल वायपर बोलत होते.

घरी फ्रीजवर भरतीचं वेळापत्रक चिकटवलंय,
आमिषाच्या दुकानात फुकट मिळतं ते.
उद्या सहा चौदाला, आठ पूर्णांक एक फूट.
बरोबर येईल, मिनिटभरसुद्धा चुकणार नाही.
त्यात फक्त रोजचाच समुद्र छापतात.